जेलवरच्या पट्ट्यावर मी का थांबलो नाही

प्रयोगांसाठी मानवी कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज-२ हे एन्झाइम हवं होतं, आणि तेही भरपूर. तयार कुपी विकत मिळते, पण ती आम्हाला पुरली नसती. म्हणून ई. कोलाय या जिवाणूकडूनच करून घ्यायचं ठरलं. सुरुवात करणाऱ्यासाठी हे फार सोयीचं मानवी एन्झाइम आहे: सुमारे २६० अमिनो आम्लांची एकच साखळी, वजन २९ किलोडाल्टनच्या आसपास, डायसल्फाइड बंध नाहीत, वर शर्करा चिकटवायची भानगड नाही. अडचण एवढीच, की त्याच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू लागतो. तीन हिस्टिडीन त्याला धरून ठेवतात आणि सगळं काम त्याच्याच जिवावर चालतं. कामाचा वेग तरी केवढा, एक रेणू सेकंदाला दहा लाखांच्या घरात कार्बन डायऑक्साइडचे रेणू हाताळतो!

जनुक जिवाणूच्या कोडॉनसवयीप्रमाणे (अमिनो आम्लांसाठी तो जे तीन-अक्षरी संकेत जास्त वापरतो त्यांत) लिहून घेतलं, सहा हिस्टिडीनची शेपटी जोडली आणि ते वाहून नेणारं प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, ई. कोलायच्या बीएल२१ (डीई३) या वाणात घातलं. ओडी (पेशी किती वाढल्या ते सांगणारा गढूळपणा) ०.६ च्या आसपास आल्यावर आयपीटीजी, म्हणजे जनुक चालू करणारं रसायन, दिलं. त्याच वेळी माध्यमात झिंक सल्फेटही घातलं, कारण पेशी इतकं प्रोटीन एकदम बनवू लागली की माध्यमातलं जस्त सगळ्यांना पुरेलच असं नाही. तापमान उतरवून शेकर रात्रभर चालू ठेवला.

पेशी फोडताना प्रोटिएज (प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स) रोखणारी गोळी ईडीटीए नसलेलीच घेतली. ईडीटीए धातू पकडतं, त्यामुळे ते पुढच्या कॉलमवरचं निकेल ओढून घेतं, आणि एन्झाइमच्या जस्तालाही त्याच्या आसपास न ठेवलेलं बरं. पुढचं निकेल कॉलमचं काम सरधोपट आहे. निकेल हिस्टिडीनची शेपटी धरतं, इमिडाझोल ती सोडवतं: कमी इमिडाझोलने धुवायचं, जास्त इमिडाझोलने उतरवायचं. एक मात्र पाहावं. प्रोटीन मोजतात त्या २८० नॅनोमीटरला इमिडाझोल स्वतःही थोडा प्रकाश शोषतं, त्यामुळे कोरा नमुना म्हणून पाणी नको, तोच बफर घ्यावा.

प्रोटीन वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर २९ किलोडाल्टनच्या जवळ जाड, स्वच्छ पट्टा आला. इथे बरेच जण हुश्श करतात. पण या एन्झाइमचं जस्त निघून गेलं तरी घडी बरीचशी तशीच राहते, आणि जेलवर तर उकळून उलगडलेलं प्रोटीनच धावतं. जस्त असलेलं आणि नसलेलं, दोन्ही एकाच जागी येऊन बसतात. निकेल कॉलमलाही फक्त शेपटी कळते.

म्हणून पॅरा-नायट्रोफेनिल अ‍ॅसिटेट घेतलं. एन्झाइम ते तोडतं आणि पिवळा रंग येतो. गंमत म्हणजे हे संयुग पाण्यात आपलं आपणही तुटत राहतं, त्यामुळे एन्झाइम नसलेल्या नमुन्याचा वेग वजा केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. शिवाय जिवाणूचे स्वतःचे एस्टरेज (अशी संयुगं तोडणारी एन्झाइम्स) मागे राहिले असतील तर तेही पिवळं करतील. मग अ‍ॅसिटाझोलामाइड टाकून पाहिलं. हे औषध सरळ त्या जस्ताला जाऊन चिकटतं आणि एन्झाइम बंद पाडतं. रंग येणं जवळपास थांबलं, तेव्हा कुठे काम आमच्याच एन्झाइमचं आहे अशी खात्री झाली.

मला सर्वांत उपयोगी वाटलेली पायरी याच्याही पुढची आहे, आणि ती का गाळली जाते ते मला कळत नाही. अ‍ॅसिटाझोलामाइडची पकड इतकी घट्ट असते, की मायक्रोमोलरच्या पातळीला एन्झाइम ठेवून औषध थोडं थोडं वाढवत नेलं तर वेग जवळजवळ सरळ रेषेत उतरतो. ती रेषा पुढे वाढवली की शून्याला जिथे मिळते, तिथलं औषधाचं प्रमाण म्हणजेच चालू स्थितीतल्या एन्झाइमचं प्रमाण. २८० च्या मोजणीतून एकूण प्रोटीन कळतं, इथे त्यातलं कामाचं किती ते कळतं. हे दोन आकडे फार लांब असतील तर सल्फोनामाइड (अ‍ॅसिटाझोलामाइडच्याच गटातलं संयुग) लावलेल्या कॉलमचा रस्ता आहे. तो कॉलम जस्त असलेली, शाबूत जागाच ओळखतो. आमचे आकडे जवळ होते, त्यामुळे तिकडे वळलो नाही.

इमिडाझोल डायलिसिसने काढलं, ग्लिसरॉल मिसळलं, छोटे अलिकोट (वाटे) केले, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० ला ठेवले. प्रत्येक नळीवर बॅच, तारीख आणि चालू एन्झाइमची संहती लिहिली. एकूण प्रोटीनचा आकडा फक्त वहीत आहे.