‘माहिती देणारा’ हा रकाना

गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत हा प्रश्न मला हमखास येतो. “ताई, आमच्या सुनेच्या पणजीच्या मृत्यूची नोंद मिळेल का हो? नातीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितलाय. आमच्याकडची सात पिढ्यांची नावं आहेत, तिच्याकडची तीनच.” अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, सिनसिनाटीजवळ राहून मला २६ वर्षं झाली. दर गुरुवारी इथल्या वाचनालयात वंशावळीच्या टेबलावर मी मदतीला बसते, म्हणून विचारणारे माझ्याकडे येतात. रांगेत उभं राहून अर्धवट उत्तर देते आणि मग घरी येऊन हळहळते. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं लिहिते.

नोंद बहुतेक वेळा मिळते. पण “कुठे मिळेल?” याच्या आधी “कधी गेल्या?” हे विचारायला हवं, कारण वर्ष बदललं की कचेरी बदलते. ओहायोत २० डिसेंबर १९०८ ही तारीख पाठ करून ठेवा. त्या दिवसापासून मृत्यूचे दाखले राज्याकडे जमा होऊ लागले. त्याआधी, १८६७ पासून, ही नोंद काउंटीच्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) प्रोबेट कोर्टात व्हायची, म्हणजे जिथे मृत्युपत्रं आणि वारसाहक्काची कामं चालतात तिथे. ओहायोत ८८ काउंट्या आहेत, त्यामुळे रजिस्टरंही ८८ ठिकाणी. १८६७ च्या मागे जायचं असेल तर चर्चच्या वह्या, थडग्याचे दगड आणि १८५० पासूनच्या जनगणनेला जोडलेल्या मृत्यूच्या याद्या. त्या याद्यांत फक्त जनगणनेआधीच्या वर्षभरात गेलेली माणसं आहेत. आपलं माणूस त्याच बारा महिन्यांत गेलं असेल तर नशीब.

दुसऱ्या राज्यातली सून असेल तर हे वेळापत्रक पुन्हा नव्याने बघावं लागतं. देशभरातल्या मृत्यूच्या नोंदणीच्या व्यवस्थेत टेक्सास सगळ्यात शेवटी, १९३३ मध्ये आलं. यावरून अंदाज घ्या.

काउंटीचं जुनं रजिस्टर म्हणजे दोन पानांवर आडवी पसरलेली एक ओळ. नाव, तारीख, वय, लग्न झालंय की नाही, जन्मगाव, धंदा, आईबापांची नावं, मरणाचं कारण. यातल्या बऱ्याच नोंदी कर आकारणीसाठी घरोघर फिरणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा गोळा केलेल्या आहेत. दाराशी उभं राहून तो विचारायचा, यंदा घरात कोणी जन्मलं का, कोणी गेलं का. श्रावणातलं मरण पुढच्या उन्हाळ्यात, शोक ओसरल्यावर, आठवून सांगितलेलं. तारीख दोन-चार दिवसांनी चुकलेली दिसली तर रागावू नका. आणि त्याच्या हाती काही लागलंच नाही, असं मरणही असतं.

सिनसिनाटी ज्या हॅमिल्टन काउंटीत आहे, तिथे आणखी एक घाव आहे. मार्च १८८४ मध्ये एका खुनाच्या खटल्यात आरोपीला फाशीऐवजी २० वर्षांची शिक्षा झाली. शहर खवळलं, दंगल झाली, पन्नासहून अधिक माणसं मेली आणि जमावाने कोर्टहाऊस पेटवून दिलं. कितीतरी जुने कागद त्यात गेले. न्याय मिळाला नाही म्हणून उठलेल्या लोकांनी आपल्याच आज्या-पणज्यांची नावं जाळली, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण शहराच्या आरोग्य खात्याने वेगळी नोंद ठेवली होती. सिनसिनाटी शहराची १८६५ ते १९१२ ची जन्म-मृत्यूची कार्डं बचावली, आणि ती आता सिनसिनाटी विद्यापीठाच्या संग्रहात, घरबसल्या बघता येतील अशी आहेत. म्हणून मी सगळ्यांना सांगते, काउंटीत नाही मिळालं तर शहराकडे जा. काउंटी आणि शहर ही दोन वेगळी दारं आहेत.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते, म्हणजे शोध कसा चालतो ते कळेल. माझ्या सुनेचं माहेर जर्मन वंशाचं. तिचे पूर्वज इथल्या ‘ओव्हर-द-ऱ्हाइन’ वस्तीत राहायचे. मधल्या कालव्याला जर्मन लोक कौतुकाने ऱ्हाइन म्हणायचे, आणि त्याच्या पलीकडची म्हणून वस्तीचं हे नाव. विहीणबाईंना आपल्या पणजीबद्दल एवढंच ठाऊक होतं की ती लहान वयात जर्मनीहून आली, चार मुलांची आई होती आणि फार कमी बोलायची.

आडनाव सांगत नाही, पण समजा श्नायडर धरा. श्नायडर म्हणजे शिंपी. इथे लिहिणाऱ्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं कुठे स्नायडर, कुठे स्नीडर, आणि काहींनी तर सरळ भाषांतर करून टेलर केलं. ‘साउंडेक्स’ नावाची एक जुनी पद्धत आहे. ती आडनावाला उच्चारावरून एक अक्षर आणि तीन आकडे देते. श्नायडर आणि स्नायडर दोन्ही एस५३६ मध्ये पडतात, त्यामुळे एकाला शोधताना दुसरा सापडतो. टेलर मात्र त्यात सापडत नाही, तिथे स्वतःचं डोकं चालवावं लागतं. बायकांचं तर आणखी अवघड. कितीतरी वेळा त्या नवऱ्याच्याच नावामागे ‘मिसेस’ लावून लपलेल्या असतात.

पणजी १९१३ मध्ये गेली. म्हणजे राज्याचा दाखला. १९०८ ते १९५३ चे ओहायोचे दाखले ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, त्यामुळे पहिली पायरी एका संध्याकाळीच झाली. आणि इथे मी तुम्हाला थांबवणार आहे, कारण बहुतेक जण दाखला मिळाला की नाव आणि तारीख उतरवून घेतात आणि उठतात.

दाखल्यात तीन माणसं बोलत असतात. डॉक्टर मरणाचं कारण आणि वेळ सांगतो. तो बहुतेकदा उपचार करणारा असतो, त्याच्यावर विश्वास ठेवा. अंत्यविधी करणारा कोणत्या दफनभूमीत पुरलं ते सांगतो, तेही खात्रीचं. तिसरा असतो ‘माहिती देणारा’. जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, जन्मगाव हे सगळं तो सांगतो. बहुतेकदा मुलगा, जावई, कधी शेजारी, कधी घरमालकीण. साठ वर्षांपूर्वी दुसऱ्या देशात झालेल्या जन्माला तो हजर नव्हता. त्यात घरात आत्ताच मयत झालेली.

पणजीच्या दाखल्यावर माहिती देणारा होता तिचा थोरला मुलगा. पणजीच्या आईचं, म्हणजे स्वतःच्या आजीचं, नाव या रकान्यात त्याने सांगितलं होतं, ‘माहीत नाही’. जन्मसालही पुढे इतर कागदांशी ताडून पाहिलं तेव्हा चार वर्षांनी चुकलेलं निघालं. विहीणबाईंना ते लागलं. “आईच्या आईचं नाव माहीत नाही?” असं त्या दोनदा म्हणाल्या. मला माझ्या माहेरचं नाशिक आठवलं. गंगेवर अस्थी घेऊन गेलं की क्षेत्रोपाध्ये वही काढतात, आणि मुलगा स्वतःच्या हाताने नावं लिहून सही करतो. तिथेही नोंद जिवंत माणसाचीच असते. माझ्या आजोबांच्या हस्ताक्षरातलं एक नाव आम्हाला अजून लागलेलं नाही.

दाखल्यातल्या दफनभूमीला फोन केला. त्यांच्या वहीत त्या एका जागेत पणजी आणि पणजोबांशिवाय आणखी तीन लहान दफनं होती. कुटुंबात कोणालाही ती ठाऊक नव्हती. मग १९०० ची जनगणना काढली. त्या वर्षी बायकांना विचारलं होतं, किती मुलं झाली आणि किती हयात आहेत. पणजीच्या ओळीत लिहिलं होतं: सात. चार.

हा प्रश्न १९१० मध्येही विचारला गेला. तुमच्या सुनेच्या घरची कुठलीही बाई या दोन जनगणनांत असेल तर ते दोन आकडे आधी बघा, मृत्यूच्या नोंदी नंतर. त्यांतला फरक म्हणजे तुम्हाला शोधायची असलेली मुलं.

शहराच्या कार्डांत तिघंही सापडली. पहिलं १८७९ च्या जुलैतलं, अकरा महिन्यांचं. कारण ‘कॉलरा इन्फॅन्टम’. हा पटकीचा कॉलरा नव्हे. उन्हाळ्यात नासलेल्या दुधाने आणि घाणेरड्या पाण्याने लहान मुलांना होणारी हगवण, ज्याला लोक नुसतं ‘उन्हाळ्याचं दुखणं’ म्हणायचे. दुसरं १८८२ मध्ये घटसर्पाने गेलेलं, तीन वर्षांचं; पहिलं गेलं तेव्हा हे नुकतंच जन्मलेलं किंवा अजून पोटात असणार. तिसरं १८८७ चं, दोन दिवसांचं. त्याच्या कार्डावर नाव नव्हतं, बापाचं आडनाव आणि ‘बाळ’ एवढंच.

विहीणबाईंनी तिन्ही कार्डं छापून घेतली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. चहा गार झाला. मग म्हणाल्या, “म्हणून ती बोलायची नाही.” तसं असेलच असं कागद सांगत नाही. मी काही म्हटलं नाही.

तर तुम्ही गुरुवारी याल तेव्हा तीन गोष्टी घेऊन या: नाव जितक्या तऱ्हांनी लिहिलं गेलं असेल तितकं, मरणाचं वर्ष अंदाजे पाच वर्षांच्या आत, आणि गाव. गाव कळलं की काउंटी मी काढून देते. पण मरण फार जुनं असेल तर त्या काळी ते कोणत्या काउंटीत होतं हे तपासू, कारण ओहायोतली शेवटची काउंटी १८५१ मध्ये झाली आणि तोवर सीमा सारख्या हलत होत्या. दाखला मागवायला नातं सिद्ध करावं लागत नाही, ओहायोत तो कोणालाही मिळतो. न्यूयॉर्कसारख्या राज्यात मात्र तसं नाही, तिथे अलीकडचा दाखला सहसा जवळच्या नातेवाइकांनाच देतात.

आणि यायच्या आधी सुनेच्या आजीला फोन करा. तिला विचारा, पणजी गेली तेव्हा कागदावर सही कोणी केली. आठवत असेल तर ते नावही लिहून आणा.

आमच्या नातीच्या वंशवृक्षावर आता सात फांद्या आहेत. सातवीपुढे तिने काय लिहायचं ते मला विचारलं. कार्डावर आहे तेच लिही, म्हटलं. तिने लिहिलं, ‘बाळ, १८८७’.