टेकडीवरचं मायलेज आणि पौड रोडवरचं मायलेज

आमच्या घरापासून एआरएआय टेकडी चालत वीस मिनिटांवर आहे. कोथरूडची निम्मी जनता सकाळी तिथे फिरायला जाते, मोर बघते, खाली येऊन पोहे खाते. गाड्यांच्या टेस्ट घेणाऱ्या ज्या संस्थेमुळे टेकडीला ते नाव पडलं तिचंच नाव घेऊन शोरूमवाले आपल्याला मायलेज सांगतात हे मात्र फार कमी लोकांच्या डोक्यात येतं. माझ्याही आलं नव्हतं, गाडी घेईपर्यंत.

तर गाडी. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर ही जुळी भावंडं आहेत हे आता सगळ्यांना माहितीये, दोन्ही २०२२ मध्ये आल्या, इंजिन तेच, हायब्रिड सिस्टीम तीच, नाकडोळे वेगळे. त्यातलं एक भावंड माझ्याकडे आहे, स्ट्राँग हायब्रिडवालं, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही गाडी ओढतात ते. कुठलं ते सांगत नाही कारण मग लोक मायलेज सोडून बॅजवर भांडत बसतात. कंपनीचा आकडा दोन्हींचा एकच, लिटरला २७.९७ किमी. शोरूममधल्या पोराने तो "अठ्ठावीस" करून सांगितला आणि वर "सर, सिटीत तर तीस पण देते" असंही चिकटवलं. मी मान डोलावली कारण मला तेच ऐकायचं होतं.

१४ महिने झाले, १६,३८० किमी झाले. पहिल्या दिवसापासून वही ठेवलीये (हो, वही, ॲप नाही, बायको हसते). दर वेळी त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, टाकी भरून नोझल आपोआप बंद झालं, पहिला कट पडला की बस, "साहेब राउंड फिगर करू का" ला ठाम नाही. एकूण पेट्रोल ७४१ लिटर. म्हणजे २२.१. गाडीच्या स्क्रीनवर विचाराल तर ती तेवीस-साडेतेवीस दाखवते, स्क्रीन नेहमी एक-दीडने खूश असते, त्यामुळे कोणी स्क्रीनचा फोटो पाठवून "बघ २७ पडलं" म्हणाला की मी फक्त अंगठा पाठवतो.

आता २२.१ हा आकडा चांगला की वाईट? माझी आधीची गाडी साधी पेट्रोल ऑटोमॅटिक, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अकरा द्यायची, कधी त्याच्याही खाली, त्या हिशोबाने हे डबल आहे. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. हा २२ आकडा मला प्रत्यक्षात जवळजवळ कधीच पडलेला नाही. एक तर २५ पडतं नाहीतर १७. बावीस ही फक्त वहीतली सरासरी आहे. हायब्रिडचं ॲव्हरेज विचारायचं असेल तर आधी रस्ता सांगावा लागतो, आणि जुन्या गाड्यांनी आपल्याला जे शिकवलंय ते इथे बरोब्बर उलटं होतं.

रोजचा रस्ता बघा. कोथरूडहून निघायचं, चांदणी चौक, बायपास, वाकड, हिंजवडी, अठरा किमी, वेळ चाळीस मिनिटं ते देवाच्या मर्जीनुसार. या रस्त्यावर मला २४-२५ पडतं. जितका ट्रॅफिक रांगणारा तितकं बरं, कारण गाडी थांबली की इंजिन बंद, दहा-वीसने सरकतीये तोवर मोटरवरच सरकते, ब्रेक लावला की मोटर जनरेटर बनून बॅटरीत थोडं परत टाकते. इंजिन लागतं तेव्हा ते निवांत, त्याला परवडेल अशा आरपीएमला चालतं, जास्तीची ताकद बॅटरीत जाते. वाकडच्या पुलाखाली सगळे चिडलेले असतात तेव्हा मी आतल्या आत खूश असतो, हे कोणाला सांगता पण येत नाही.

तेच मुलीला शाळेत सोडायचं म्हणजे जेमतेम दोन किमी, तिथे १२-१३! पहिल्यांदा वाटलं काहीतरी बिघडलंय. बिघडलं काही नव्हतं. थंड इंजिन आधी स्वतःला आणि एक्झॉस्टमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला गरम करायला घेतं, बॅटरी भरलेली असली तरी. ते गरम होईपर्यंत शाळा येते. परत येताना जरा बरं पडतं, तोवर घर येतं. डिसेंबरातल्या सकाळी तर विचारूच नका. ज्यांचं सगळं फिरणं दोन-तीन किमीचं आहे, भाजी, क्लास, देऊळ, त्यांनी हायब्रिडवर जास्तीचे पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, त्यांनी खरं तर स्कूटर घ्यावी.

मे महिना पण वाईट. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो म्हणून सिग्नलला इंजिन बंद असतानाही गार हवा येत राहते, भारी वाटतं, पण ती वीज येते कुठून, पेट्रोलमधूनच. झाडाखाली एसी लावून कोणाची वाट बघत बसलात की दर काही मिनिटांनी इंजिन घुर्र करून उठतं, बॅटरी भरतं, परत झोपतं. शहरातली माझी सगळ्यात वाईट टाकी मे मधली, १९.३. सगळ्यात चांगली फेब्रुवारीतली, २५.४.

आता बॅटरीबद्दल, कारण इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ती पाऊण युनिटची आहे, ०.७६. आपल्या घरच्या इन्व्हर्टरची दीडशे एएचची बॅटरी पावणेदोन युनिटच्या वर असते. म्हणजे गाडीत जी बॅटरी आहे ती घरातल्या त्या काळ्या डब्याच्या निम्मी पण नाही! तीसुद्धा पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली गाडी कधीच होऊ देत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळते. म्हणून "एका चार्जमध्ये किती जाते" या प्रश्नाला उत्तर नाही, तिला प्लगच नाही.

एक्सप्रेसवेवर हे फार नीट कळतं. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत आपण पाचशे मीटरच्या वर खाली उतरतो. गाडी आणि आम्ही चौघं धरून दीड टन, म्हणजे शाळेतलं गणित केलं तर त्या उतारात साधारण दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही हवा आणि टायर खातात, पण उरते ती ठेवायला जागा पाऊण युनिटची, आणि घाट सुरू व्हायच्या आधीच ती अर्धीअधिक भरलेली. थोडं उतरलं की बॅटरी फुल, मग गाडी इंजिन नुसतं फिरवून वेग धरते, आवाज येतो, बायको विचारते "हे काय झालं आता". काही नाही, फुकटची वीज वाया चाललीये. परत येताना तोच घाट चढायला बॅटरी दोन मिनिटं मदत करते आणि मग तीन सिलिंडरचं इंजिन एकटंच रडत वर चढतं. नवी मुंबईला जाताना १८.५, येताना १६.८, हे माझे आकडे, वेग ९५-१००, एसी चालू, चार माणसं.

पण खरा प्रयोग नकळत कोल्हापूरच्या रस्त्यावर झाला. दिवाळीत गावी गेलो, शेजारच्या सीटवर बाबा. काटा ऐंशीच्या पुढे गेला की बाबा खिडकीवरचं हँडल धरतात, बोलत नाहीत, नुसतं धरतात, ते बोलण्यापेक्षा वाईट. त्यात रस्त्याचं काम चालू, जागोजागी डायव्हर्जन, साताऱ्याच्या पुढे तर नुसतं थांबत थांबत. कोल्हापुरात पोचून टाकी भरली, २३.८. काका गेटातच उभे, गाडी आवाज न करता अंगणात शिरली तर म्हणाले, "काय रं, ढकलत आणलीस व्हय?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "ॲव्हरेज किती देती?" परत येताना बाबा तिकडेच थांबले आणि स्टेअरिंग भाच्याकडे. पोरगं शंभर-एकशेदहाच्या खाली यायला तयार नाही. तोच रस्ता, तीच गाडी, तोच आठवडा, १७.२. ऐंशीवरून एकशेदहावर गेलं की हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो, आणि अखंड वेगात पळताना ना ब्रेक लागतो ना गाडी थांबते, मग मोटरने वाचवायचं काय? इंजिनच सगळं ओढतं, वर बॅटरी-मोटरचं वजन.

त्याच रस्त्यावर मेव्हण्याची डिझेल एकोणीस देते आणि डिझेल लिटरमागे पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त, म्हणजे हायवेवर तो जिंकतो. हे मी त्याच्यासमोर कबूल केलेलं नाही.

मग अठ्ठावीस खोटं का? नाही. तो आकडा ज्या टेस्टमधून येतो ती खोलीत, रोलरवर होते, साधारण वीस मिनिटांची, अकराएक किमीची, सरासरी वेग बत्तीसच्या आसपास, जास्तीत जास्त ९०, एसी बंद. नीट बघा, थांबत थांबत, हळू, मध्येच थोडा मोकळा रस्ता. म्हणजे हायब्रिडला आवडतो तसाच रस्ता, वजा उन्हाळा, वजा खड्डे, वजा रिक्षावाले. ऑफिसमध्ये एकाकडे याच साइजची साधी पेट्रोल ऑटोमॅटिक आहे, तिचा कंपनीचा आकडा विशीच्या वर आणि हिंजवडीत पडतं बारा-तेरा. कागदावरचा आकडा तिचा जास्त घसरतो, माझा कमी. त्या बिचाऱ्याच्या गाडीवर पण हायब्रिड असं लिहिलंय बरं का. ते माइल्ड हायब्रिड, म्हणजे अल्टरनेटर जरा मोठा, सिग्नलला इंजिन बंद करून झटकन चालू करतो, पिकअपला किंचित हात देतो, पण नुसत्या विजेवर गाडी एक फूट पण हलत नाही. दोन्हीला एकच शब्द वापरायला परवानगी कोणी दिली देव जाणे.

त्यात आता पंपावर मिळतं ते इ-२० पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, म्हणजे वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमीच मिळणार, गाडी इ-२० साठी बनवलेली असली तरी. उसाच्या पट्ट्यातला माणूस असल्यामुळे याच्यावर मी घरी जास्त बोलू शकत नाही, काका कारखान्याचे सभासद आहेत.

पैशाचं बोलू. मी घेतली तेव्हा साध्या ऑटोमॅटिकपेक्षा ऑनरोड अडीच लाख जास्त गेले. साध्या गाडीला माझ्या सगळ्या मिक्स रस्त्यांवर साडेतेरा धरलं तर एवढ्याच किमीला १,२१३ लिटर लागले असते. म्हणजे ४७२ लिटर वाचले, १०४ रुपयांनी ४९ हजार, वर्षाला बेचाळीस. अडीच लाख वसूल व्हायला सहा वर्षं. शोरूमच्या अठ्ठावीसने केलं असतं तर साडेचार. हायब्रिड बॅटरीला वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी आहे म्हणून मी शांत झोपतो, पण डिकीत बॅटरीने खाल्लेली जागा कोणी परत देत नाही, गावाहून येताना तांदळाचं पोतं मागच्या सीटवर मुलीशेजारी बसतं.

बायको म्हणते एवढा हिशोब करण्यापेक्षा ईव्हीच घ्यायची होती. बरोबर आहे तिचं. पण आमच्या सोसायटीत पार्किंगला चार्जिंग पॉइंट द्यायचा विषय तीन एजीएम झाले "पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ" वर आहे.

माझी वही बघून नाशिकच्या मित्राने पण हायब्रिड घेतली. मी त्याला दोनदा विचारलं होतं, तुझं फिरणं कुठे? महिन्यातून दोनदा नागपूर, समृद्धीने. म्हणलं नको घेऊ. घेतली. परवा फोन, "अरे पंधरा पडतंय, तुझं २२ कसं?"

"किती स्पीडला चालवतोस?"

"एकशेवीस. लिमिटच आहे ना तिथे."

"ऐंशीला चालवून बघ एकदा."

"ऐंशीला? समृद्धीवर? नागपूरला पोचेपर्यंत तेरावं होईल माझं."

मी म्हणलं मग एक कर, पुण्याला ये, हिंजवडीत आठवडाभर चालव, पंचवीस देईल.