एसएसएलसीचा निकाल आणि न बोलणारा मोडेम

वळीव सुरू झाला की आमच्या दुकानात बिघडलेल्या मोडेमची, म्हणजे फोनच्या लाईनवरून कॉम्प्युटरला इंटरनेट जोडून देणाऱ्या यंत्रांची, रीघ लागायची. बेळगाव शहरातले कमी, खानापूर तालुक्यातले जास्त. तिकडं दाट झाडी, रानातून खांबांवरून गेलेल्या टेलिफोनच्या तारा आणि मे महिन्यातल्या त्या विजा. वीज तारेच्या आसपास कुठंही पडली तरी दणका फोनच्या वायरीतून मोडेमपर्यंत यायचा. म्हणून 2003 च्या मे महिन्यात खानापुरातल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांचा सकाळी सकाळी फोन आला, "रात्री वीज पडली, मोडेम गेलाय बघा, येताना नवीनच घेऊन या," तेव्हा मला नवल वाटलं नाही. एक मोडेम पिशवीत टाकला आणि बस धरली.

घाई होती, कारण त्याच दिवशी एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल इंटरनेटवर लागणार होता.

क्लासपाशी पोचलो तर दारात चपलांचा ढीग. जांबोटी, कणकुंबीकडची पोरं पहिल्या गाडीनं येऊन बसलेली. शाळेत यादी लागायची वाट बघण्यापेक्षा इथं नंबर सांगितला की लगेच कळतं, म्हणून आई-बाप सोबत आलेले. एका मुलीनं हॉल तिकीट दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घडी करून आणलं होतं आणि ती पिशवी हातातून सोडत नव्हती.

सरांच्या क्लासात विंडोजऐवजी लिनक्स होतं. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर सीडी यायची, त्यातून त्यांनी रेड हॅट नावाचं लिनक्स बसवलेलं आणि त्यावरच ते शिकवायचे. तालुक्याच्या गावात तेव्हा हे धाडसच होतं, मला त्यांचं फार कौतुक. त्या दिवसांत कॉम्प्युटरच्या आत मिळायचे ते स्वस्त मोडेम बहुतेक विनमोडेम असायचे. त्यांचं निम्मं काम विंडोजमधलं सॉफ्टवेअर करायचं, लिनक्सवर ते चालवायचं म्हणजे ड्रायव्हर शोधत फिरायचं. म्हणून माझ्याच सांगण्यावरून त्यांनी बाहेरचा, सिरीयल पोर्टला जोडायचा 56 के मोडेम घेतला होता. असल्या मोडेमला ड्रायव्हर लागत नाही. त्याला 'एटी' असं लिहून पाठवायचं, तो 'ओके' म्हणतो.

त्या दिवशी तो काहीच म्हणत नव्हता. मिनीकॉम, म्हणजे मोडेमशी थेट बोलायचा लिनक्सवरचा प्रोग्राम, उघडून एटी टाइप केलं, तर ओके सोडाच, टाइप केलेली अक्षरंसुद्धा पडद्यावर उमटेनात. ती अक्षरं मोडेमच परत पाठवत असतो, तेव्हा कोरा पडदा म्हणजे तिकडून काहीच येत नाही.

"बघा की, मेलाय तो," सर म्हणाले. "बदला लवकर."

मी बदलला नाही. विजेनं गेलेला मोडेम असा वागत नाही, निदान मी बघितलेले तरी नाहीत. वीज फोनच्या बाजूनं शिरते, त्यामुळं आधी फोन लाईन उचलणारा भाग जातो. असा मोडेम एटीला ओके म्हणतो आणि डायल करायला लावलं की 'नो डायलटोन' सांगतो. इथं तर कॉम्प्युटरशीच बोलणं बंद होतं. सगळाच जळाला म्हणावं तर समोरचा एमआर, म्हणजे 'मोडेम तयार', हा दिवा छान लागलेला.

मग मी बाकीच्या दिव्यांकडं बघत बसलो. टीआर दिवा म्हणजे कॉम्प्युटर तयार असल्याची खूण. मिनीकॉमनं पोर्ट उघडला की तो लागायलाच हवा. तो विझलेला. एसडी दिवा कॉम्प्युटरकडून आलेल्या प्रत्येक अक्षराला लुकलुकतो. सरांना बटणं दाबायला सांगितली, मी दिव्यावर डोळा ठेवला. लुकलुक नाही. म्हणजे अक्षर मोडेमपर्यंत पोचतच नव्हतं. न पोचलेल्या हाकेला मोडेम ओ कशी देणार?

पोर्ट ठीक होता. सेटसिरीयल या कमांडनं त्याची चिप 16550ए अशी नीट दाखवली, दुसरा कुठला प्रोग्राम त्याला धरून बसला नव्हता, पोर्ट अडवणारी जुनी लॉक फाईलही पडलेली नव्हती. मग राहिली केबल. ती बघायला टेबलाखाली वाकलो, तर ती भिंतीतून पलीकडच्या खोलीत गेलेली.

"ही कधी केली?"

"काल संध्याकाळी," सर म्हणाले. "पोरांना निकाल बघता यावा म्हणून कॉम्प्युटर हॉलमध्ये आणला. मोडेम फोनपाशी तिकडंच. वायरमन मामांनी लांब केबल करून दिली."

मामा तिथंच उभे होते. साखर कारखान्याच्या वजनकाट्याची कामं ते करायचे. कनेक्टर उघडला. सोल्डरिंगचे डाग इतके स्वच्छ दिलेले की माझ्याकडूनही तसे होत नाहीत. पण वायरी तीनच: 2, 3 आणि 5. पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड.

"काट्याला तीनच लागतात की," मामा म्हणाले. आणि ते खरंच होतं. काट्याला पुरतात. मोडेमच्या केबलीत मात्र सीटीएस नावाची एक वायर असते. 'पाठव, मी घ्यायला तयार आहे' हा निरोप मोडेम त्या वायरीवरून देतो. मिनीकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे असा निरोप आल्याशिवाय काही न पाठवण्याची सोय, चालू होता, म्हणून लिनक्स त्या निरोपाची वाट बघत एकेक अक्षर धरून बसलेलं. कॉम्प्युटर तयार असल्याचं कळवणारी डीटीआरची वायरही नाही, म्हणून टीआर दिवाही नाही.

खात्री करायला मिनीकॉमच्या सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद केला आणि एटी टाइप केलं. एसडी दिवा लुकलुकला, पडद्यावर एटी आलं, खाली ओके. मागं उभ्या असलेल्या पोरांनी टाळ्याच पिटल्या, त्यांना काय कळलं देव जाणे.

तसंच तीन वायरींवर चालवता आलं असतं, इंटरनेट जोडणाऱ्या पीपीपी प्रोग्रामला वाट न बघण्याचे पर्याय देऊन, वेग कमी ठेवून. पण दिवसभर पोरांचे नंबर बघायचे तर मला ते नको होतं. आखूड मूळ केबल ड्रॉवरमध्ये होतीच. मोडेम उचलून कॉम्प्युटरपाशी आणला आणि फोनचीच वायर लांबवू म्हटलं. तिला दोनच तारा. "टेलिफोनच्या वायरला हात लावला तर चालतंय काय?" मामांनी विचारलं. त्यांनी काल ती सोडून केबल लांबवली होती, ती या भीतीपोटी. प्लगच्या पुढं आपल्या खोलीतली वायर आपली, असं सांगितल्यावर त्यांनी काही मिनिटांत जोडून दिली.

हातानं डायल केल्यावर नो डायलटोन आलं. ते नेहमीचंच. अमेरिकेच्या टोनवर बेतलेल्या मोडेमला आपला डायलटोन कित्येकदा ओळखूच येत नाही. एटीएक्स3 दिलं की तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. मग ती ओळखीची किंचाळी, आणि कनेक्ट.

निकालाचं पान दुपारी उघडलं. गर्दीमुळं मध्ये मध्ये अडायचं, पण लाईन तुटली नाही. दुधाच्या पिशवीवाली मुलगी फर्स्ट क्लासात आली.

मामांनी जाताना वहीचं पान पुढं केलं. बाकीच्या वायरी लिहून द्या म्हणाले. कॉम्प्युटरकडच्या नऊ पिनांच्या कनेक्टरची 8 ती मोडेमकडच्या पंचवीस पिनांच्या 5 ला, 7 ती 4 ला, 4 ती 20 ला, 1 ती 8 ला, 6 ला 6, असं सगळं लिहून दिलं. शिवाय 5 नंबरचं ग्राउंड पंचवीसच्या बाजूला 7 वर जातं आणि 2, 3 ची अदलाबदल होते, तेही सांगितलं. ती अदलाबदल मामांनी काल बरोबर केलेली होती.

पिशवीतला नवा मोडेम पुढं नंदगडच्या एका दुकानात गेला. तिथला खरोखरच विजेनं गेला होता. एटीला ओके म्हणायचा, पण काही केल्या लाईन उचलायचा नाही.