आमची वाटचाल : पाण्यात चालणारी यंत्रे आणि मोजमापाचा प्रश्न

तलावातील आणि नदीतील जलपर्णी व पाणकणीस (काठच्या उथळ पाण्यात दाट उगवणारी, कणसासारखे तुरे येणारी उंच वनस्पती) काढणे हा आमचा व्यवसाय आहे, असे सांगितले की समोरची व्यक्ती बहुधा यंत्राबद्दलच विचारते : ते पाण्यावर तरंगते कसे, चिखलात रुतत नाही का, ताशी भाडे किती. हे प्रश्न योग्यच आहेत आणि पहिल्या दोहोंची उत्तरे पुढे दिली आहेत. परंतु आमच्या छोट्या फर्मची आजवरची वाटचाल यंत्रांपेक्षा एका वेगळ्याच प्रश्नाभोवती फिरत आली आहे. झालेले काम मोजायचे कसे, हा तो प्रश्न. मोजण्याची पद्धत बदलली की त्याच यंत्राने, त्याच माणसांनी, त्याच तलावात केलेले काम वेगळे होते, हे आम्हाला कामे करता करता उमगत गेले.

आमची मूळ गुंतवणूक दोन टिपर आणि एक जुना पोकलेन एवढीच होती. शेततळी, विहिरींचे भराव आणि उन्हाळ्यात गाळ उपसणे ही आमची नेहमीची कामे. २०१७ साली राज्य शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली आणि पुणे व सोलापूर जिल्ह्यांतील पाझर तलावांवर आमची ये-जा वाढली. गाळ काढून झाला की गावकरी काठावरच्या पाणकणसाच्या रानाकडे बोट दाखवून “एवढे तेवढे काढून द्या” म्हणत. त्या ‘एवढ्या तेवढ्या’ला पोकलेनचा हात पुरत नसे. वीस टनी पोकलेनची बकेट काठावरून नऊ-दहा मीटरपर्यंत पोचते आणि लांब बूम लावली तरी पंधरा-अठरा मीटरच्या पुढे जात नाही. त्यापलीकडे यंत्र न्यायचे म्हटले, तर तलावाचा तळ ते पेलत नाही. जलपर्णीखाली वर्षानुवर्षे साचलेला काळा गाळ वरून टणक दिसतो, पण त्यावर वजन पडताच तो बाजूला सरकतो.

यावरचा उपाय म्हणून आम्ही तरंगता पोकलेन घेतला. त्याचा वरचा भाग, म्हणजे केबिन, इंजिन, बूम आणि बकेट, नेहमीच्या पोकलेनचाच असतो. फरक पायांत असतो. साध्या ट्रॅकच्या जागी दोन्ही बाजूंना पोलादी पत्र्याच्या पोकळ, हवाबंद पेट्या असतात आणि त्यांच्याभोवती पट्ट्या लावलेली साखळी फिरते. पेट्यांमुळे यंत्र पाण्यावर तरंगते, आणि वजन मोठ्या क्षेत्रावर पसरत असल्यामुळे चिखलावर पडणारा दाब चालत्या माणसाच्या पावलाच्या दाबापेक्षाही कमी राहतो. उथळ पाण्यात ते साखळीवर चालते. तळ सुटला की साखळीच्या पट्ट्या पाणी मागे ढकलतात, पण गती इतकी मंद असते की जाणकार ऑपरेटर बकेट पुढे टाकून, तळाला रुतवून, यंत्राला त्या आधाराने ओढून घेतो. पेट्यांसह यंत्राची रुंदी रस्त्यावर मावत नाही. त्यामुळे पेट्या सुट्या करून लो-बेड ट्रेलरवरून न्याव्या लागतात आणि क्रेन लावून काठावर जुळणी करावी लागते. जुळणीला आणि खोलणीला लागणारा वेळ ताशी भाड्यात कोठेच बसत नाही, आणि लहान तलावाचे काम मोठ्या यंत्राला परवडत नाही त्याचे खरे कारण हेच आहे.

कर्जासाठी आम्ही ज्या बँकेकडे गेलो, तेथील अधिकाऱ्यांपुढे पेच होता की हे वाहन समजायचे की यंत्र की होडी. रस्त्यावर स्वतः चालत नसल्यामुळे त्याला वाहनाचे कागद नाहीत, आणि जुने यंत्र विकत घेणारे गिऱ्हाईक सहज सापडेल असेही नाही. अखेर वरचा पोकलेन तारण आणि पेट्या स्वखर्चाने, असा मार्ग निघाला. पेट्यांचे फॅब्रिकेशन आम्ही भोसरीच्या एका वर्कशॉपकडून करून घेतले आणि आतले कप्पे वाढवून घेतले, म्हणजे एक कप्पा गळला तरी यंत्र कलणार नाही.

या पेट्यांचे आरोग्य हे रोज सकाळचे पहिले काम असते. प्रत्येक कप्प्याला वरच्या बाजूस एक बूच असते. हेल्पर आधी पान्याने पेटीवर टकटक करून आवाज ऐकतो; आवाज बद्द आला की बूच काढून आत दोरी सोडतो, आणि दोरी ओली निघाली तर हातपंपाने पाणी काढल्याशिवाय यंत्र काठ सोडत नाही. त्यानंतर साखळी साफ करायची. जलपर्णीची काळी, केसाळ मुळे त्रासाची खरीच, पण साखळीचा खरा शत्रू म्हणजे साडी. निर्माल्याच्या पिशव्या, नायलॉनच्या गोण्या, तोरणांच्या तारा आणि नदीत सोडलेल्या साड्या साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती (स्प्रॉकेटभोवती) अशा आवळल्या जातात की कोयता, कात्री आणि कधी कधी गॅस कटरही आणावा लागतो. यंत्र बनवणाऱ्यांच्या माहितीपुस्तकात याबद्दल अवाक्षर नाही.

आता मोजमापाकडे वळतो. आमच्या सुरुवातीच्या कामांत मोबदला तासावर मिळत असे. तासावर काम असले की यंत्र काठाशी सोप्या जागी फिरत राहिले तरी बिल होते. मालक कितीही सचोटीचा असला तरी ऑपरेटरचा हात आपोआप सोप्या जागेकडे वळतो. पुढे टनावरची कामे आली. जलपर्णीच्या ओल्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि दाट वाढलेल्या एका हेक्टरातून २०० ते ४०० टन माल निघू शकतो. टनावर पैसे मिळत असतील, तर काढलेला ढीग काठावर निथळू देण्यात ठेकेदाराचे नुकसान असते, कारण डंपर जितका ओला तितका वजनकाट्यावरचा आकडा मोठा. म्हणजे पालिकेचा पैसा पाणी वाहून नेण्यावर खर्च होतो आणि डिझेलही त्यातच जळते. त्यानंतर चौरस मीटरची पद्धत आली. ती सर्वांत न्याय्य वाटते, पण तिच्यातही एक खोच आहे.

खोच अशी की अनुकूल हवामानात आणि सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तलावाचा नव्वद टक्के भाग मोकळा करून दहा टक्के शिल्लक ठेवला, तर दोन आठवड्यांत त्याचे वीस होतात, चार आठवड्यांत चाळीस, सहा आठवड्यांत ऐंशी, आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास तलाव पुन्हा हिरवागार. बिल मात्र नव्वद टक्क्यांचे निघालेले असते. राहिलेला दहा टक्के भाग सर्वांत खर्चिक असतो, कारण तो बाभळींच्या खाली, ओढ्याच्या तोंडाशी आणि मुख्यतः पाणकणसाच्या दाट पट्ट्यात दडलेला असतो, जेथे मोठी बकेट घातली की कणीस, गाळ आणि काठ सगळेच उपटून येते.

या दहा टक्क्यांसाठी आम्ही दुसरे, हलके उभयचर वाहन घेतले. परदेशात अशा वाहनांची परंपरा जुनी आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील न्यू हॅम्बर्ग येथे ‘आर्गो’ ही अनेक चाकांची उभयचर वाहने १९६७ पासून बनतात. त्यांचे फुगीर टायरच पाण्यात वल्ह्याचे काम करतात. स्वीडनमध्ये बनणारे ‘ट्रक्सर’ हे तरंगत्या पट्ट्यांवर चालणारे हलके यंत्र असून त्याच्या पुढे कापणीचे पाते किंवा दाताळे लावता येते. उत्तर अमेरिकेतील ग्रेट लेक्स या सरोवरांच्या काठची दलदल युरोपातून आलेल्या फ्रॅग्मायटीस या बोरूने व्यापली आहे आणि तेथे तो काढण्यासाठी अशीच हलकी वाहने वापरतात. आमचे वाहन पट्ट्यांच्या धाटणीचे आहे. ते पाणकणसात अरुंद वाटा पाडत जाते, त्या वाटांमधून जलपर्णी दाताळ्याने बाहेर ओढली जाते आणि मोकळ्या पाण्यात थांबलेला मोठा पोकलेन ती उचलतो.

पाणकणीस हा आपल्याकडचाच आहे, त्याला परका म्हणता येत नाही. पण सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद मिळाले की तो परक्यासारखाच वागतो. एका कणसात लाखाहून अधिक बिया असतात, म्हणून ते पिकून कापूस उडण्याआधी कापणे इष्ट. नुसते वरून कापले तर तो महिन्याभरात पुन्हा उभा राहतो, कारण त्याचे कंद खोडातील पोकळीवाटे हवा घेत असतात. पाण्याच्या पातळीखाली कापले आणि वाळकी खोडेही उभी ठेवली नाहीत, तर कंदांना हवा मिळत नाही आणि ते कुजतात. म्हणून शक्य तेथे आम्ही ही कापणी मे महिन्याच्या अखेरीस, पाणी सर्वांत खाली असताना करतो, म्हणजे पावसाचे पाणी बुंध्यांवर चढते आणि निम्मे काम तेच करते. पावसाळ्यात मात्र आम्ही पाणकणसाला हात लावत नाही. जांभळ्या पाणकोंबड्या आणि हळदीकुंकू बदके याच काळात तेथे घरटी करतात. सगळाच पाणकणीस काढून द्या, अशी मागणी आली तर आम्ही नकार देतो. ओढ्याच्या तोंडाशी त्याचा एक पट्टा असला की तो येणारा मैला काही अंशी गाळतो, आणि नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरसारख्या पाणथळीत, जी २०२० साली राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) ठरली, पाणकणीस किती ठेवायचा हा प्रश्न किती काढायचा याच्याइतकाच महत्त्वाचा आहे.

आमचे दोन ऑपरेटर भोई समाजातील आहेत आणि त्यांना पोकलेन आम्ही शिकवला. तलाव त्यांनी आम्हाला शिकवला, असे म्हणणे अधिक खरे होईल. मोकळ्या पाण्यातली जलपर्णी वाऱ्याबरोबर हलते. संध्याकाळी पश्चिम काठाला असलेला थर सकाळी पूर्वेला गेलेला असतो. एका तलावावर आम्ही ठरलेल्या आराखड्याप्रमाणे यंत्र उतरवत असताना तेथील एक वयस्कर मच्छीमार म्हणाले, “दादा, आज तिच्या मागं जाऊ नका. वारं फिरलं की दुपारी ती आपणहून तुमच्या दारात येती.” दुपारी तसेच झाले. तेव्हापासून रिकाम्या पिंपांना दोर बांधून केलेला अडसर वाऱ्याच्या टोकाला आधी टाकायचा आणि यंत्र एका जागी उभे ठेवायचे, ही आमची रीत झाली आहे. डिझेलची बचत झाली ती याच रीतीने. इंजिनातल्या कोणत्याही सुधारणेने झाली नाही.

तणनाशक फवारून काम लवकर संपवण्याचा आग्रह अधूनमधून होतो. आम्ही फवारत नाही. मेलेली जलपर्णी तळाला जाऊन कुजते, पाण्यातील प्राणवायू संपवते आणि मासे मरतात. शिवाय ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र शासनाने २०२२ मध्ये निर्बंध घातले आहेत. भुंग्यांचा उपाय खरा आहे. १९८०च्या दशकात बंगळूर येथे जलपर्णी खाणारे निओकेटिना भुंगे सोडले गेले आणि काही तलावांत त्यांनी चांगले काम केले. परंतु त्यांना वर्षे लागतात, आणि मैल्यावर वाढणाऱ्या जलपर्णीची गती त्यांच्या भुकेपेक्षा जास्त असते.

नद्यांवरचे वेळापत्रक तर पूर्ण उलटे आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यानंतर बसवले जातात, पाणी थांबते आणि काठाला उरलेली थोडी रोपे वाढू लागतात. ती काढण्याची खरी वेळ दिवाळीच्या मागेपुढे असते, जेव्हा काम थोडे असते. तक्रारी मात्र डास वाढल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. मग निविदा, मग कार्यादेश, आणि यंत्र उतरते तोवर पात्र काठोकाठ भरलेले असते. जूनमध्ये बरगे निघतात आणि पहिला पूर सगळे खाली घेऊन जातो. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा यांची जलपर्णी अशीच भीमेतून उजनीकडे जाते. पुराने वाहून नेलेली जलपर्णी कोणाच्या मोजमाप पुस्तिकेत चढते, हा प्रश्न या व्यवसायात हळू आवाजातच विचारला जातो.

म्हणून गेल्या काही वर्षांत आम्ही ‘काढून देण्याची’ कामे कमी करून ‘मोकळे ठेवण्याची’ कामे घेऊ लागलो आहोत. करार वर्षाचा असतो, आणि पैसे किती काढले यावर नव्हे, तर ठरलेल्या तारखांना पाण्याचा किती टक्के भाग झाकलेला आहे यावर मिळतात. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रे विनामूल्य मिळतात. त्यांतला एकेक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरची जागा दाखवतो आणि आकाश निरभ्र असेल तर पाच दिवसांनी नवे चित्र येते. त्यावरून मोठ्या तलावाचा हिशोब दोन्ही बाजूंना एकाच वेळी दिसतो, काठाच्या पट्ट्यासाठी ड्रोन वापरतो. अशा करारात दहा टक्के शिल्लक ठेवणे आम्हालाच महाग पडते, त्यामुळे हलके वाहन महिन्यातून ठरावीक वेळा फिरते आणि मोठ्या पोकलेनला फार थोड्या वेळा ट्रेलरवर चढावे लागते. खासगी गृहसंकुले आणि कारखान्यांची तळी ही पद्धत लगेच स्वीकारतात. सार्वजनिक कार्यालयांत तिचा स्वीकार कठीण जातो, कारण दरपत्रकात ‘न वाढलेली जलपर्णी’ अशी बाब नसते. देयकांचे म्हणाल, तर २००६च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. आम्ही मात्र तीन महिन्यांचे डिझेल आणि पगार हाताशी ठेवूनच सार्वजनिक काम घेतो.

काढलेल्या मालाचे काय करता, असेही विचारले जाते. तो काठापासून दूर, पाणी परत तलावात उतरणार नाही अशा उतारावर निथळू देतो आणि नंतर खतासाठी देतो. कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या नदीतील माल मात्र भाजीपाल्याच्या शेतीला देत नाही, कारण जलपर्णी जड धातू शोषून घेते. जलपर्णीच्या देठांपासून टोपल्या आणि पिशव्या होतात हे खरे आहे. पण चारशे टनांच्या ढिगापुढे त्या उद्योगाची भूक फारच लहान आहे, तेव्हा प्रस्तावात त्याचे छायाचित्र लावून कोणाची दिशाभूल करणे आम्हाला पटत नाही.

नव्या कामाची विचारणा करणाऱ्यांना आमची विनंती एवढीच असते की पाहणीसाठी आम्हाला ऑक्टोबरमध्ये बोलवावे, सांडपाणी कोठून येते ती जागा दाखवावी, आणि तेथील मच्छीमार संस्थेच्या एखाद्या माणसाला त्या वेळी काठावर थांबायला सांगावे. मैला येणारे तोंड बंद होणार नसेल, तर आम्ही एकदाच्या सफाईचा दर देत नाही, वर्षाचाच देतो.