आमची वाटचाल : टर्मिनलपासून चिपच्या पायांपर्यंत

गोव्यातल्या वेर्णे औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या पॉवर सप्लाय बनवणाऱ्या युनिटची सुरुवात एलएम 317 या रेग्युलेटर चिपवरच्या लिनियर सप्लायपासून (जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणाऱ्या) झाली. 12 व्होल्टचे 5 करायचे, लोड 1 अँपिअर, म्हणजे 7 वॅटची नुसती उष्णता. मोठा हीटसिंक लावला की भागायचे.

आता एफपीजीए (हवे तसे सर्किट घडवता येणारी चिप) बोर्डाला 1 व्होल्टवर 20 अँपिअर लागतात आणि व्होल्टेज हलायला मुभा फक्त 3 टक्के, म्हणजे 30 मिलिव्होल्ट. बक कन्व्हर्टर (वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारे सर्किट) हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. जाण्यायेण्याच्या तांब्याचा रोध 2 मिलिओहम धरला तरी 40 मिलिव्होल्ट वाटेतच जातात. सप्लायच्या टर्मिनलवर मीटर 1.000 दाखवतो आणि बोर्ड मात्र रीसेट होत राहतो. म्हणून सेन्सच्या (व्होल्टेज मोजून कन्व्हर्टरला कळवणाऱ्या) दोन्ही रेषा चिपच्या पायांपाशी जोडतो, गोंगाट करणाऱ्या इंडक्टरपासून लांबून नेतो. सेन्स तुटला तर व्होल्टेज चढत जाऊन चिप जळेल, त्यासाठी आउटपुट आणि सेन्स यांच्यामध्ये 10 ओहम ठेवतोच.

त्या 30 मिलिव्होल्टचा हिशेब आम्ही आधी कागदावर मांडतो. लोडच्या उडीला (प्रवाह अचानक वाढण्याला) 20, अर्धा टक्का अचूकतेच्या रेफरन्सला (तुलनेसाठीचे स्थिर व्होल्टेज) 5. रेफरन्स 0.6 व्होल्टचा, त्यामुळे फीडबॅकला (आउटपुटचा ठरावीक हिस्सा रेफरन्सशी ताडायला) वर 10 आणि खाली 15 किलोओहम. हे रेझिस्टर 1 टक्क्याचे घेतले तर तेच 8 मिलिव्होल्ट खातात आणि बेरीज 33 होते. 0.1 टक्क्याचे घेतले की 1 सुद्धा नाही. इथे चार पैसे वाचवू नयेत.

वीज वाचवायला याच जागी 100 आणि 150 किलोओहम घालण्याचा मोह होतो. गोव्याच्या पावसाळ्यात तो महागात पडतो. खारी हवा आणि बोर्डावर राहिलेला फ्लक्स (सोल्डरिंगचे रसायन) मिळून 150 च्या दोन टोकांत 10 मेगाओहमची गळती झाली, तर आउटपुट 6 मिलिव्होल्टने चढते. 10 आणि 15 वर तीच गळती जेमतेम 0.6 ची. बोर्ड धुऊन, ओव्हनमध्ये पूर्ण सुकवून मगच कॉन्फॉर्मल कोटिंग (बोर्डावरचा पातळ संरक्षक थर) करावे. ओलावा आत कोंडला तर कोटिंग नसलेले बरे.

लोडची उडी 10 अँपिअरची आणि तिला 20 मिलिव्होल्ट, म्हणून चिपपाशी इम्पिडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) 2 मिलिओहमच्या आत हवा. पॉलिमर कपॅसिटर थोडे मागे, सिरॅमिक अगदी पायांशी. इनपुटला 12 व्होल्ट असताना 16 व्होल्टचा लहान सिरॅमिक घेऊ नये, त्याची धारिता निम्म्याहून खाली जाऊ शकते.

रिपल (आउटपुटवरची बारीक लहर) ऑसिलोस्कोपवर मोजताना प्रोबची लांब अर्थ वायर काढून टोकाची स्प्रिंग लावतो आणि बँडविड्थ 20 मेगाहर्ट्झ ठेवतो. आकडा हिशेबात उरलेल्या 4 मिलिव्होल्टच्या आत आला तरच बोर्ड पॅकिंगला जातो.