वायर काढल्या, एक मात्र ठेवली

साताऱ्यातील आमच्या जुन्या घरात २०११ साली लॅन केबल (संगणक राउटरला जोडणाऱ्या तारा) ओढल्या, तेव्हा घरात दोनच संगणक होते आणि दोन्ही आपापल्या जागेवरून हलत नसत. आता भाच्यांचे लॅपटॉप, आईचा मोबाइल आणि टीव्ही अशा सगळ्यांनाच इंटरनेट लागते, आणि मोबाइलला तर केबल जोडण्याची सोयच नसते. त्यातच माळ्यावरची एक केबल उंदरांनी कुरतडली, म्हणून सगळे घर वायफायवर न्यायचे मी ठरवले.

पहिला आठवडा निराशेचा गेला. फायबरची जोडणी ओसरीलगतच्या खोलीत येते. राउटरही तिथेच, लोखंडी कपाटाच्या आड ठेवलेला होता. स्वयंपाकघर तिथून जेमतेम चाळीस फुटांवर आहे, पण मध्ये दीड फूट जाडीच्या दोन दगडी भिंती आहेत. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान असला तरी त्याच्या लहरी अशा भिंतींत लवकर क्षीण होतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी त्यामानाने लांब पोहोचतात, मात्र त्या पट्ट्यात शेजाऱ्यांच्या राउटरांची दाटी असते आणि चालू मायक्रोवेव्हचाही व्यत्यय येतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल (पट्ट्याचे लहान भाग) साधारणपणे १, ६ आणि ११ ही तीनच. आमच्या आळीतले बहुतेक राउटर ६ वर दिसल्यामुळे मी ११ निवडले आणि राउटर कपाटाआडून काढून उंच फळीवर ठेवला. एवढ्याने माजघरापर्यंत रेंज आली. स्वयंपाकघरात मात्र येईना.

मग उरलेल्या केबल उपसायला बसलो आणि माझा एक जुना गैरसमज दूर झाला. २०० मेगाबिटची योजना घेऊनही केबलवरचा वेग कधी ९५ च्या पुढे जात नसे, आणि त्याचा दोष मी इतकी वर्षे केबलच्या वयाला देत आलो होतो. प्रत्यक्षात प्लगमध्ये आठांपैकी चारच तारा क्रिम्प केलेल्या (दाबून बसवलेल्या) होत्या. १०० मेगाबिटला चार तारा पुरतात. गिगाबिटसाठी आठही लागतात. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा ठेवून, आठही तारा घालून नवे प्लग बसवले आणि त्याच केबलवर पूर्ण वेग मिळाला.

त्यामुळे माजघरापर्यंतची ही एक केबल काढायची नाही, असे ठरले. तिच्या टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेले इंटरनेट वायफायने पसरवणारे उपकरण) म्हणून लावला: त्यातील डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणारी सोय) बंद केले, केबल वॅनच्या (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या) नव्हे तर लॅनच्या (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये घातली, नाव व पासवर्ड पहिल्या राउटरचाच ठेवला आणि चॅनेल १ दिले. दोन राउटरांमधला दुवा बिनतारी ठेवला असता, तर त्यालाही याच दगडी भिंती आडव्या आल्या असत्या. आता आई चुलीपाशी बसून पुण्याच्या मावशीशी व्हिडिओवर बोलते आणि चित्र अडकत नाही.

सुरक्षेकडेही नव्याने पाहावे लागले. पूर्वी आमच्या नेटवर्कमध्ये शिरायला कोणाला तरी घरात येऊन केबल जोडावी लागली असती. आता रेंज रस्त्यापर्यंत जाते. म्हणून डब्ल्यूपीए२ ही वायफायची सुरक्षा पद्धत आणि लांबलचक पासवर्ड ठेवला आहे, आणि बटण दाबून जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस सोय बंद केली आहे. फायबरचा डबा आणि ओसरीलगतचा राउटर इन्व्हर्टरवर आहेत. माजघरातला सॉकेट अजून त्यावर नाही, त्यामुळे वीज गेली की स्वयंपाकघरातले वायफायही जाते; त्यासाठी वायरमनला रविवारी बोलावले आहे.