कुलपामागचं नाव

पगाराच्या दिवशी अकाउंट्समधून फोन आला. "बँकेची साइट खोटी वाटतेय. तुम्ही येऊन बघेपर्यंत मी पासवर्ड टाकणार नाही."

मॅडमची नजर बारीक. ब्राउझरमधल्या कुलपावर क्लिक करून त्यांनी साइटचं प्रमाणपत्र, म्हणजे ती खरी असल्याचा डिजिटल दाखला, उघडलं, तर ते देणाऱ्याच्या जागी चक्क आमच्या अँटिव्हायरसच्या कंपनीचं नाव! शेजारच्या कॉम्प्युटरवर तेच पान, पण तिथे नाव दुसरंच, नेहमीच्या प्रमाणपत्र संस्थेचं. इतकं निरखून पाहणारी माणसं माझ्या कामात क्वचितच भेटतात.

साइट खरीच होती. पण अँटिव्हायरसने विंडोजच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीत स्वतःचं मूळ प्रमाणपत्र घालून ठेवलं होतं, म्हणजे त्याने सही केलेला कुठलाही दाखला ब्राउझर खरा मानणार. त्याच्या जोरावर तो बँकेकडून येणारा एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, मजकूर मध्येच उघडायचा, तपासायचा आणि आपल्या सहीने पुन्हा बंद करून ब्राउझरकडे द्यायचा. एचटीटीपीएस स्कॅनिंग ते हेच. एन्क्रिप्शनच्या आडून येणारा व्हायरस पकडावा, हा त्यामागचा हेतू. काही अँटिव्हायरस बँकांच्या साइट यातून वगळतात, याने ही वगळली नव्हती.

"म्हणजे माझा पासवर्ड त्याला दिसतो?"

"दिसू शकतो," मी म्हणालो. तपासणी त्याच कॉम्प्युटरवर होते, त्यामुळे पासवर्ड कंपनीकडे जातोच असं नाही. मला जास्त काळजी वेगळीच होती. बँकेचं खरं प्रमाणपत्र पारखायचं काम आता ब्राउझरच्या हातात राहिलेलं नसतं. अँटिव्हायरस त्यात कच्चा निघाला, तर ब्राउझरला कळतही नाही. 2017 साली संशोधकांनी अशी उत्पादनं तपासली, तेव्हा जवळपास सगळ्यांनीच कनेक्शनची सुरक्षितता कमी केल्याचं आढळलं.

"आणि आपण कुठल्या साइटवर जातो, ते?" मॅडमचा पुढचा प्रश्न. मी त्यांना अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीचं प्रकरण सांगितलं. लोकांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली जात होती. 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याबद्दल 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. ज्याला राखण करायला ठेवलं त्यानेच हे करावं, याचा मला आजही संताप येतो.

अँटिव्हायरस मी काढला नाही. फाइलींची तपासणी चालू ठेवली, एचटीटीपीएस स्कॅनिंग तेवढं बंद केलं आणि ब्राउझर पुन्हा सुरू केला. दोन्ही स्क्रीनवर एकच नाव आल्याची खात्री करून मॅडमनी पगार सोडले. मग विभागातल्या बाकीच्या मशीनवरही स्वतः शेजारी उभं राहून ते स्कॅनिंग बंद करून घेतलं.